नॉर्मनची डोलकाठी आणि सॉल्टर्बीचा पूल

सॉल्टर्बीच्या नव्या पुलावर, उत्तरेकडच्या टोकाला, एक पाटी आहे. पाट्या दोन प्रकारच्या असतात. काही लोकांनी वाचाव्यात म्हणून लावतात आणि काही लावल्याच पाहिजेत म्हणून लावतात. ही दुसऱ्या प्रकारची. पूल झाल्यापासून ती कुणी वाचली नव्हती आणि त्यावाचून गावाचं काही अडलंही नव्हतं. पण नॉर्मन टॅपस्कॉट पोस्टातून निवृत्त झाला, आणि निवृत्त माणूस पाट्या वाचतो.

पाटीवर लिहिलं होतं, की थेल नदी हा पूर्वापार जलमार्ग असून, ज्या नौकेची डोलकाठी पुलाखालून जाऊ शकत नाही तिच्या कप्तानाने मागणी केल्यास पूल उघडण्यात येईल. पूल उघडतो हे नॉर्मनला ठाऊक होतं, गावातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. मधला भाग दुभंगून दोन्ही बाजूंनी वर उचलला जातो, म्हणून तर तो एवढा महाग पडला होता. पण थेल नदीत बदकं आणि चिखल यांच्याखेरीज काही नसल्यामुळे तो कुणासाठी उघडायची वेळच आली नव्हती. नॉर्मनने पाटी पुन्हा एकदा वाचली. पोस्टात असताना त्याच्यासाठी साधा दरवाजासुद्धा कुणी उघडून धरला नव्हता.

"ग्लेनिस," घरी आल्या आल्या तो बायकोला म्हणाला, "आपण मागितला तर पूल उघडावा लागतो त्यांना. माहीत होतं तुला?"

ग्लेनिस स्वयंपाकघरात तराजूवर अंडी तोलत होती. कवचासकट. जेवढं अंड्यांचं वजन तेवढाच मैदा, तेवढंच लोणी, तेवढीच साखर, हा त्या घराचा धर्म होता.

"कशाला मागायचा?"

"कशाला म्हणजे? हक्क आहे!"

"लंडनच्या पुलावरून मेंढ्या हाकायचाही काही लोकांना हक्क आहे म्हणतात. म्हणून काय रोज हाकतात?" ती म्हणाली. "आणि तो दरवाजा लाव, भट्टी तापतेय."

हे सगळं उन्हाळ्याच्या सुरुवातीचं. त्यानंतर नॉर्मनचा डोळ्याला डोळा लागेना. बसला की उठायचा, उठला की गॅरेजमध्ये जायचा. गॅरेजमध्ये एक छोटी होडी होती. हौसेनं आणलेली, लाकडी तुकडे जुळवून करायची, अर्धवट राहिलेली. ती त्याने झपाट्याने पुरी केली, तिला निळा रंग दिला आणि बायकोला खूश करायला होडीवर पांढऱ्या अक्षरांत 'ग्लेनिस' असं नाव घातलं. अडचण एवढीच, की होडीला साजेल अशी डोलकाठी लावली तर होडी पुलाखालून आरामात जात होती. नॉर्मन आत उभा राहून टोपी हलवत गेला असता, तरी गेली असती.

"हाच तिचा दोष आहे," कुंपणापलीकडून इव्हर लॅशब्रुक म्हणाला. शेजारचा इव्हर हा उंटावरचा शहाणा होता. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला त्याला भारी आवडायचं, स्वतःचं गवत मात्र गुडघ्यापर्यंत वाढलेलं असायचं. "तुला उंच डोलकाठी हवी, नॉर्मन. बंद पडलेल्या बॉलिंग क्लबचा झेंड्याचा खांब पडलाय ना मागच्या अंगणात? तो लाव."

"अरे, तो होडीच्या तिप्पट आहे."

"मग पूल तिप्पट उघडेल! माणसाने एकदाच काय ते करावं, आणि दणक्यात करावं."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, त्यातला प्रकार. पण खांब उभा राहिला आणि नॉर्मनला तो इतका शोभिवंत वाटला, की त्याने लांब जाऊन, जवळ येऊन, पुन्हा लांब जाऊन तो पाहिला. वल्ही त्याने घेतलीच नाहीत. शिडाच्या नौकेत वल्ही ठेवणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास दाखवणं, असं त्याचं मत होतं. हे मत इव्हरचंही होतं, यावरूनच खरं तर त्याने सावध व्हायला हवं होतं.

मग सरकारी पायऱ्या सुरू झाल्या. नदीच्या कचेरीने सांगितलं की पूल आमचा नव्हे, रस्तेवाल्यांचा. रस्तेवाल्यांनी सांगितलं की नौका आमच्या नव्हेत, नदीवाल्यांच्या. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "मालवाहतूक की करमणूक?"

"यातलं काहीच नाही. हक्क."

"साहेब, 'हक्क' असा पर्याय नाहीये. करमणूक लिहू का?"

"मी करमणूक म्हणून पूल उघडत नाही!" नॉर्मन म्हणाला. तो इतका दुखावला गेला होता, की शेवटी बाईंनी 'इतर' असं लिहिलं. 'इतर' म्हटल्यावर मात्र सगळी यंत्रं फिरली. पूल सांभाळणारे मिस्टर ड्रिंगल यांचा फोन आला. नोकरीला लागल्यापासून या फोनची वाट पाहत असल्यासारखा त्यांचा आवाज होता. शनिवारी, भर भरतीला, अकराच्या सुमाराला पूल उघडेल, असं त्यांनी कळवलं. नॉर्मनने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शनिवारचा चौकोन कोरा होता. "चालेल," तो म्हणाला.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. टॅपस्कॉटांच्या घरी नाताळ कॅलेंडरवर लिहीत नाहीत, कारण नाताळ कधी आहे ते ठाऊक असतं. त्याच कारणाने ऑगस्टमधला बागकाम आणि पाककलेचा मेळावाही कुणी लिहीत नसे. तो त्याच शनिवारी होता. मेळाव्याचा तंबू नदीच्या दक्षिण तीरावर, नॉर्मनचं घर उत्तर तीरावर. बारा वाजता तंबूचं दार बंद होई आणि आत परीक्षक सोडून कुणी थांबत नसे. बाराला एक मिनिट उशीर झाला तर गावच्या पाद्र्याचीही काकडी बाहेर ठेवलेली लोकांनी पाहिली होती.

आणि या तंबूत ग्लेनिस टॅपस्कॉट स्पंज केकमध्ये दुसरी येत असे. एकदा नव्हे, दरवर्षी. पहिल्या येत मिसेस डल्सी ऑर्मरॉड, ज्यांचं घर टेकडीवर होतं आणि ज्या हरलेल्याशी फारच गोड बोलत. "किती जवळ आलीस गं यंदा," असं त्या म्हणायच्या. त्या वाक्याने ग्लेनिसची पुढचे अकरा महिने झोप उडायची. यंदा मात्र तिने मनाशी ठरवलं होतं. कोंबड्या बदलल्या होत्या, लोणी बदललं होतं, शनिवारी पहाटे झालेला केक पाहून ती खुर्चीवर बसली होती आणि काही वेळ नुसती बघत राहिली होती.

नॉर्मन तेव्हा केव्हाच होडी घेऊन नदीवर गेला होता. "जरा होडी बघून येतो," एवढंच सांगून. त्याला वाटलं, पुलावरून कुणीतरी बघेल, धावत जाऊन बायकोला सांगेल, आणि ती चकित होईल. यातलं शेवटचं तेवढं खरं झालं.

अकराला भोंगा वाजला. लाल दिवे लागले, आडवे दांडे खाली आले, आणि सॉल्टर्बीचा पूल मधोमध दुभंगून हळूहळू आकाशात गेला. दोन्ही तीरांवर लोकांनी गाड्यांची इंजिनं बंद केली. कुणी हॉर्न वाजवला नाही. सॉल्टर्बीत हॉर्न वाजवणं हे सासूच्या तोंडावर दार आपटण्याइतकं गंभीर मानतात. लोक उतरून कठड्याशी उभे राहिले, थर्मासमधून चहा ओतला गेला. समुद्राच्या बाजूने, गावच्या इतिहासात पहिल्यांदाच, एक निळी होडी डोक्यावर भलामोठा खांब घेऊन पुलाच्या दिशेने येत होती. नॉर्मन सुकाणूजवळ ताठ बसला होता. त्याने हात उंचावून लोकांना अभिवादन केलं.

त्याच क्षणी वारा पडला.

शीड आधी लटपटलं आणि मग धुतलेल्या चादरीसारखं लोंबू लागलं. होडी थांबली. थोडा वेळ तशीच थांबली आणि मग, भरती संपून ओहोटी लागल्यामुळे, अत्यंत शांतपणे मागे सरकू लागली. नॉर्मनने नांगर टाकला.

"ग्लेनिस, पुढे या," पुलावरच्या खोलीतून मिस्टर ड्रिंगल कर्ण्यावर बोलले. नौकेला नावाने हाक मारायची, असा नियम होता. "ग्लेनिस, पूल उघडा आहे. ग्लेनिस, तुम्ही वाहतूक खोळंबवली आहे."

"वारा नाही!" नॉर्मन ओरडला.

"वाऱ्याबद्दल मला काही सूचना नाहीत, मिस्टर टॅपस्कॉट. नौका पार होईपर्यंत किंवा तुम्ही मागणी मागे घेईपर्यंत मला पूल खाली आणता येत नाही. घेताय का मागे?"

नॉर्मनने वर पाहिलं. दोन्हीकडे माणसंच माणसं. पोस्टातले जुने सहकारी होते, ज्यांनी त्याला निरोपाला घड्याळ दिलं होतं आणि ते पहिल्याच आठवड्यात बंद पडलं होतं.

"नाही!" तो म्हणाला.

आता सल्ले येऊ लागले. "डोलकाठी नखाने खरवड, वारा येतो!" हा इव्हर. तो आपला भलामोठा भोपळा लहान मुलासारखा कडेवर घेऊन उभा होता. "शीळ घाल! नाविक शीळ घालतात!" नॉर्मनने शीळ घातली. एक कुत्रा भुंकू लागला. एका म्हातारबाईंनी बदकांना पाव टाकायला सुरुवात केली आणि त्यातला बराचसा होडीत पडला. नॉर्मनला एकदा उठावंसं वाटे, एकदा बसावंसं वाटे, आणि होडीत दोन्ही करायला जागा नव्हती.

"ग्लेनिस, उत्तर द्या," कर्णा म्हणाला.

"देते," पुलावरून कुणीतरी म्हणालं.

नॉर्मनने त्या बाजूला बघायचं टाळलं. आवाज ओळखीचा होता. शेवटी बघावंच लागलं. गाड्यांच्या रांगेपुढे कठड्याला टेकून ग्लेनिस उभी होती. तिने चांगला कोट घातला होता आणि हातात केकचा डबा होता.

"नॉर्मन," ती म्हणाली. ओरडली नाही.

"अगं, पाचच मिनिटं! तिकडे ढग दिसतोय बघ, वारा येणारच!"

"नॉर्मन, आज काय आहे?"

"शनिवार."

तिने डबा फक्त जरा वर धरला. नॉर्मनने डब्याकडे पाहिलं, दक्षिण तीरावरच्या पांढऱ्या तंबूकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. एवढं मोठं पाणी खाली वाहत असताना.

"मागे घेतो!" तो किंचाळला. "मिस्टर ड्रिंगल! हक्क मागे घेतो! पूल खाली आणा!" त्याने घाईघाईने नांगर उपसला, म्हणजे ओहोटीबरोबर आपण निमूट निघून जाऊ.

आणि वारा आला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे दोघांनी मिळून काम केलं. शीड फुगलं, होडी उधळल्यासारखी पुलाकडे धावली, थेट उघड्या पुलाच्या खाली शिरली आणि उत्तरेकडच्या खांबाभोवतीच्या लाकडी ओंडक्यांत बॉलिंग क्लबचा खांब घट्ट अडकला. खाली यायला निघालेला पूल करकरत थांबला आणि पुन्हा वर गेला.

"डोलकाठी काढा!" कर्ण्याचा आवाज आता चिरकत होता.

नॉर्मनने हातोडीने पाचरी ठोकून काढल्या. खांब कलला, कडाडला, आणि शीड-दोऱ्यांसकट नदीत पडून समुद्राच्या दिशेने चालता झाला. इव्हरने टोपी काढली.

"झालं! आणा आता खाली!"

"आता नाही आणता येत," मिस्टर ड्रिंगल म्हणाले. "पुलाला नौकेचा स्पर्श झालाय. इंजिनिअर येऊन तपासेपर्यंत तो जिथे आहे तिथेच राहणार. ते शहरातून निघतील." थोडं थांबून ते म्हणाले, "जेवून."

हात दाखवून अवलक्षण कसं असतं, ते नॉर्मनला त्या क्षणी कळलं. दुसरा पूल नदीच्या वरच्या अंगाला, मोटारीने तासाभराच्या वाटेवर. बारा वाजायला आले होते. नदीत दुसरी होडी नव्हती, ती असती तर ही वेळच आली नसती. तो खांबाचा ओंडका धरून खाली मान घालून बसून राहिला. आपल्यामुळे ती यंदा दुसरीसुद्धा येणार नाही, हे त्याला सहन होईना.

लोखंडी पायऱ्या वाजल्या. पुलाच्या खांबाला रंगाऱ्यांसाठी एक जिना आहे, त्यावरून ग्लेनिस डबा सांभाळत खाली येत होती.

"सरक," ती म्हणाली. "माझ्या नावाची आहे ना? मग मला पलीकडे ने."

"वल्ही नाहीत गं."

"मला माहीत होतं नसतील म्हणून," असं म्हणून तिने पिशवीतून केक भाजायचे दोन पत्रे काढले. रिकामे पत्रे ती मेळाव्याला का नेत होती, ते विचारायची नॉर्मनला छाती झाली नाही.

तिने एक पाय होडीत ठेवला आणि सहज वर पाहिलं. कठड्याशी मिसेस ऑर्मरॉड उभ्या होत्या. रांगेत तीन गाड्या मागे त्यांची गाडी होती. त्यांच्या हातातही डबा होता. त्या काही मागत नव्हत्या. सॉल्टर्बीतली माणसं बुडताना आधी हवामानाबद्दल बोलतात.

"छान ऊन पडलंय, नाही?" मिसेस ऑर्मरॉड म्हणाल्या.

"हो, छान आहे," ग्लेनिस म्हणाली.

तिचा एक पाय होडीत, एक पायरीवर. होडी हलत होती. कुणी काही म्हणणार नव्हतं. होडी लहान होती, हे सगळ्यांना दिसत होतं. ग्लेनिस होडीत बसली, तंबूकडे तोंड केलं, पत्रा पाण्यात घातला. मग तिने तो पुन्हा बाहेर काढला.

"उतर गं डल्सी लवकर," ती चिडून म्हणाली. "आणि बूट काढ, डब्यावर पाय देशील."

मिसेस ऑर्मरॉड उतरल्या. इव्हरला जागा नव्हती, पण भोपळ्याला होती. नॉर्मन एका पत्र्याने वल्हवत होता, ग्लेनिस दुसऱ्याने, आणि मिसेस ऑर्मरॉड दोन्ही डबे आणि भोपळा मांडीवर घेऊन "डावीकडे, डावीकडे" म्हणत होत्या. ओहोटीने होडी तिरकी नेली आणि दक्षिण तीराच्या अलीकडेच चिखलात रुतवली. तंबूजवळची घंटा वाजायला लागली होती. ती वाजून संपली की दार बंद.

"दे इकडे!" नॉर्मन म्हणाला आणि चिखलात उतरला. मांडीपर्यंत आत गेला. दोन्ही डबे डोक्यावर धरून, आयुष्यात कधी धावला नव्हता तसा तो धावला, निदान धावल्यासारखं त्याने केलं. दार लागता लागता आत घुसला, केक ताटल्यांत काढले, बायकांनी डब्यांवर चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठ्या दोन्ही ताटल्यांखाली पालथ्या सरकवल्या आणि स्वयंसेवकांनी त्याला बाहेर ढकललं. चिखलाच्या हातांनी चिठ्ठ्या काढताना कुठली कुठल्या डब्याची, याचा विचार करायला वेळ कुणाला होता.

दुपारी दार उघडलं. तोवर पूलही खाली आला होता आणि अर्धा गाव तंबूत लोटला होता. स्पंज केकच्या टेबलावर पहिल्या नंबरची लाल चिठ्ठी होती आणि शेजारी नाव होतं, मिसेस ऑर्मरॉड. दुसऱ्या नंबरवर, ग्लेनिस टॅपस्कॉट.

ग्लेनिसने लाल चिठ्ठीजवळच्या केककडे पाहिलं. वरचा भाग एकसारखा सोनेरी, केक थंड करायच्या जाळीचा एक ओरखडा नाही. तो तिचा केक होता. तिने नॉर्मनकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. तो तोंड उघडणार तेवढ्यात तिने त्याचं मनगट दाबलं. भलत्या नावाने मांडलेला पदार्थ बाद, हा नियम तिला पाठ होता. बोललं तर लाल चिठ्ठी दोघींपैकी कुणालाच नाही. गप्प राहिलं तर ती डल्सीच्या टेकडीवर जाणार, नेहमीसारखी.

मिसेस ऑर्मरॉड केकपाशी आल्या. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांनी चष्मा लावला. वाकून पाहिलं. मग वाकून दुसऱ्या नंबरचा पाहिला. बराच वेळ लागला. टाळ्या विरळ झाल्या.

"हा माझा नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "माझा केक मी ओळखते. माझा तो तिकडचा, जरा बसलेला." त्यांनी श्वास घेतला. "हा ग्लेनिसचा. पहिला आलाय तो ग्लेनिसचा."

मेळाव्याचे चिटणीस कपाळाला हात लावून म्हणाले, "डल्सी, मग दोन्ही बाद करावे लागतील. नियम तूच लिहिलायस."

"ठाऊक आहे मला. करा."

तिसरा आलेला केक पहिला झाला. तो पाद्र्यांचा होता, आणि त्यांनी तो विकत आणला असावा अशी कुजबूज लगेच सुरू झाली. टेबलावरून दोन्ही ताटल्या उचलल्या गेल्या आणि आपापल्या मालकिणींना परत मिळाल्या. नॉर्मन पुढे झाला. "ग्लेनिस, माझ्यामुळे तुझं... मी खरंच..."

ग्लेनिसने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, सुरी मागून आणली आणि पहिला आलेला केक कापला. एक मोठा तुकडा तिने मिसेस ऑर्मरॉड यांच्यासमोर धरला. त्या खात राहिल्या, मान हलवत राहिल्या, आणि जवळ आलीस वगैरे काहीच म्हणाल्या नाहीत. ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. नॉर्मननेही हळूच हात पुढे केला.

"तुला नाही," ग्लेनिस म्हणाली. "आधी पाय धुऊन ये."